मास्तरांची पिशवी

मी आयुष्यात दोनच जोड्या जुळवल्या, आणि दोन्ही तीन महिन्यांच्या आत मोडल्या. लग्नाच्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या नातेवाइकांत उगाच शोधाशोध सुरू व्हायची.

तेव्हा मी अंधेरीला एका मिशनच्या कचेरीत टायपिस्ट होतो. मुंबई राज्यात अजून गुजरात होता, अंधेरीत भातशेती होती, आणि स्टेशनाबाहेरचे टांगेवाले आमच्या कंपाउंडला सरसकट 'पाद्रीवाडी' म्हणायचे. मी राहायला बोरीवलीला. घरी सत्यनारायण, एकादशी सगळं यथासांग चालायचं. मिशनला टायपिंग येणारा माणूस हवा होता, मला नोकरी हवी होती. देवाधर्माचा विषय दोन्ही बाजूंनी कधी निघाला नाही.

दरवर्षी पावसाळा सरला की बोटीने अमेरिकेहून नवे मिशनरी यायचे. कधी दोन, कधी तीन. एकजात तरुण, गोरेपान, आणि आल्या दिवसापासून नाकाचं सालटं निघालेले. त्यांना एकेका जुन्या माणसाच्या हवाली करायचं आणि त्याने चार-सहा महिन्यांत त्यांना भाषा, रीतभात, कुणाच्या दारात चपला कुठे काढायच्या इथपासून सगळं शिकवायचं, अशी पद्धत. पहिल्या संध्याकाळी व्हरांड्यात सगळे उभे राहायचे, जोड्यांची यादी वाचली जायची, आणि शिकवणारा पुढे येऊन आपल्या खांद्यावरची कापडी पिशवी नव्या माणसाच्या खांद्याला अडकवायचा. शिकणं संपेपर्यंत ती पिशवी त्याने वाहायची. या समारंभाला आम्ही 'पिशवी देणं' म्हणायचो.

मी जोड्या लावल्या त्या वर्षी शिकवणारे दोघेच होते. एक आमचे बी.ए. गुरुजी. तरुण, कडक इस्त्रीचे, मिशनच्या शाळेत शिकवणारे. दुसरे मास्तर. साठीला टेकलेले, काळी टोपी, तोंडात सुपारी. मास्तरांची शिकवण्याची रीत एकच. पहिला महिनाभर शिष्याने तोंड उघडायचं नाही. पिशवी घ्यायची आणि रोज संध्याकाळी त्यांच्यामागून हिंडायचं. वर्सोव्याचा कोळीवाडा, मरोळच्या दगडखाणी, गावठाणातली घरं. हात जोडायचे, हसायचं, बसायचं, उठायचं. बोलायचं मात्र नाही. आणि चुकून एक शब्द जरी गेला, तरी मास्तर शांतपणे म्हणायचे, "एक." म्हणजे महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून.

"पण बोलल्याशिवाय भाषा येणार कशी, मास्तर?" मी एकदा विचारलं होतं.

"बोलायला पोपटालाबी येतं, कारकून," ते म्हणाले. मला ते 'कारकून'च म्हणायचे. "दारात कोण आलंय आणि कशाला आलंय, हे कुत्र्याला आधी कळतं. मी कुत्र्याच्या बाजूनं आहे."

आदल्या वर्षीचा त्यांचा शिष्य उन्हाळ्याच्या तोंडावरच बोट पकडून परत गेला होता. कागदावर कारण 'प्रकृती' असं होतं, पण कमिटीने त्यावर वेगळं ठरवलं. मास्तरांना आणखी एक वर्ष द्यायचं. या खेपेलाही शिष्य टिकला नाही तर त्यांचं काम बंद, आणि काम बंद म्हणजे कंपाउंडमधली खोलीही बंद. खोलीवर शिवणवर्गाचा डोळा होताच. मास्तरांनी मनमाडला मुलाकडे जाऊन राहायचं, असं परस्पर ठरलं होतं. मुलगा रेल्वेत होता, सून चांगली होती, म्हणजे तक्रारीला जागा नव्हती. फक्त मास्तरांच्या बायकोची कबर प्रार्थनामंदिराच्या मागे होती, आणि तिच्या उशाशी लावलेल्या तगरीला ते रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचे. याबद्दल ते कधी कुणाशी बोलले नाहीत. कमिटीचं पत्र मीच टाइप केलं होतं, म्हणून मला माहीत.

त्या वर्षी दोघे येणार होते. जोड्या लावायचं काम मोठ्या बाईंचं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या कचेरीच्या प्रमुख, स्वतः अमेरिकन, पण तीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत काढलेल्या. त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना डोळे मिटले, तर समोर नऊवारीतली पाटलीण उभी राहायची. बोट लागायच्या चार दिवस आधी नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आजारी पडल्या आणि मोठ्या बाईंना तिकडे धाव घ्यावी लागली.

"जोड्या तूच लाव रं," टांग्यात पाय टाकता टाकता त्या मला म्हणाल्या. "दोघांचं कागद फायलीत हायत. नीट वाच. माणूस बघून लाव. मास्तराचं ध्यानात ठेव."

मास्तरांचं ध्यानात ठेवलं म्हणूनच सगळा घोटाळा झाला. एरवी मी छापा-काटा केला असता, आणि निम्मी तरी शक्यता बरोबर यायची होती.

दोघांचे कागद मी बोरीवलीला घरी नेले. एकाबद्दल लिहिलं होतं, शेतकऱ्याचा मुलगा, अबोल, यंत्रांची आवड. दुसऱ्याबद्दल, मनमिळाऊ, उत्साही, कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं. आता हे एवढं वाचून कुणालाही कळावं की अबोल मास्तरांना द्यावा आणि वक्ता बी.ए. गुरुजींना. माझ्या आईलाही कळलं असतं. पण त्या दिवसांत आमच्या घरी बहिणीचं लग्न जमवणं चाललं होतं. कपाटावर, ट्रंकेवर, पाटाखाली, जिकडेतिकडे पत्रिका. आणि शेजारच्या ब्लॉकमधले काका, रेल्वेत हेडक्लार्क, संध्याकाळी आमच्याकडे येऊन गुण जुळवत बसलेले. कागदांत दोघांच्या जन्मतारखा दिसल्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मास्तरांची खोली पणाला लागलेली असताना नुसत्या 'अबोल' नि 'मनमिळाऊ' अशा शब्दांवर कसं विसंबायचं? काहीतरी पक्कं हवं.

"काका, ख्रिश्चन माणसांची पत्रिका जुळवता येते का हो?"

"ग्रहांना कसला आलाय धर्म?" काका म्हणाले. "शनी काय पासपोर्ट बघून पिडतो? आण तारखा."

काकांकडे साठ-सत्तर वर्षांची पंचांगं होती. अडचणी निघत गेल्या तशा ते सोडवत गेले. जन्मवेळ नाही? दुपारी बाराची धरू. पण तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे रात्र असते ना? मग रात्री बाराची धरू. मास्तरांची जन्मतारीखच नाही. ऑफिसच्या कामाला हवी अशी थाप मारून मी त्यांना विचारली होती, तर म्हणाले, "प्लेगच्या साली. आंब्याला मोहर होता." काका म्हणाले, मोहर म्हणजे पौष-माघ, आपण मधली पौर्णिमा घेऊ.

"आता यातला वर कोण आणि वधू कोण?" काकांनी पेन्सिल कानावरून काढली.

मी विचार केला. "जो आपलं घर सोडून आला ती वधू."

"बरोबर. म्हणजे साहेब नवरी आणि मास्तर नवरदेव." आणि काकांनी अगदी गंभीर चेहऱ्याने तसं कागदावर मांडलं.

निकाल असा लागला. अबोल माणूस निघाला राक्षसगण, शिवाय मास्तरांशी एकनाड. काकांनी जीभ चावली. "नको रे बाबा. एकाचा जीव जाईल." आणि वक्त्याचे मास्तरांशी जुळले छत्तीसपैकी सत्तावीस गुण. आमच्या बहिणीचे अजून कुणाशी सत्तावीस जुळले नव्हते. आई आतून म्हणाली, "बघा, लोकांचं कसं पटापट होतं."

दुसऱ्या दिवशी मी यादी टाइप केली. तीन कार्बन घालून.

बोट लागली. धक्क्यावर मी झेंडूचे हार घेऊन हजर. वक्ता खाली उतरला तो बोलतच, स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याने माझ्याच गळ्यात घातला आणि माझ्या विनोदांना खो खो हसला. माझ्या विनोदांना हसणारा माणूस वाईट असूच शकत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. अबोल माणूस मागे उभा राहून क्रेन कशी चालते ते बघत होता. संध्याकाळी व्हरांड्यात यादी वाचली. मास्तरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली, आणि वक्त्याच्या खांद्याला पिशवी अडकवली.

पहिल्या दिवशी वक्त्याला गप्प राहणं जमलं, कारण बोटीवर पडसं झालं होतं आणि घसा बसला होता. तिसऱ्या दिवशी घसा सुटला. त्यानंतर मास्तरांचं 'एक' रोज सुरू झालं. कोळीवाड्यात बोंबील वाळत घालायच्या वलांडीवरून दोन बायका कडाकडा भांडत होत्या. हा मध्ये शिरला आणि दोन्ही हात वर करून इंग्रजीत शांततेवर बोलू लागला. बायका चकित होऊन थांबल्या. मग एक दुसरीला म्हणाली, "ह्यो कोनाचा गो?" आणि दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडल्या. भांडण मिटलं, हे कबूल करायला हवं. पण मास्तर म्हणाले, "एक." दगडखाणीत सुरुंग उडाला, हा ओरडला, "एक." एका घरी गुळाचा चहा मिळाला, याने वाहवा केली, "एक." महिना लोटला तरी बिचाऱ्याचा रोज पहिलाच दिवस.

तिकडे बी.ए. गुरुजींची रीत अगदी उलटी. पहिल्या दिवसापासून भाषण. रोज सकाळी अबोल माणसाला स्टुलावर उभं करून, 'माझा गाव' नाहीतर 'गाय' यावर पाच मिनिटं. अबोल माणूस स्वतःच्या भाषेतही पाच मिनिटं बोलला नसता. त्याच्या अंगावर पित्त उठलं. स्टूल दिसलं की तो विहिरीवर जाऊन रहाट दुरुस्त करायला घ्यायचा. रहाट कधी मोडलेला नव्हता.

हे सगळं मला खिडकीतून दिसत होतं. टाइपरायटर खिडकीलाच होता. यादी बदलायला एक कागद लागला असता. मी काकांकडे गेलो.

"सत्तावीस गुण असून हे असं कसं, काका?"

"मंगळ वक्री आहे," काका म्हणाले. "मार्गी होऊ दे. तोवर हात लावू नकोस."

मी मंगळाची वाट बघत बसलो. मंगळ मार्गी व्हायच्या आतच वक्त्याने एक पत्र लिहिलं आणि डोंगरावरच्या एका इंग्रजी शाळेत मास्तरकी मिळवली. जाताना मला मिठी मारून म्हणाला, तिथे दिवसभर बोलायचे पैसे देतात. त्याच आठवड्यात मोठ्या बाईंची नगरहून तार आली: दवाखान्याची जीप बंद, गाडी दुरुस्त करणारा माणूस पाठवा. अबोल माणसाने तार हातात पडताच बॅग भरली. मागे वळूनही पाहिलं नाही. पुढे त्याचं मराठी गॅरेजमधल्या मिस्त्रीने घडवलं आणि ते फार चांगलं घडलं असं ऐकलं, पण त्यात माझा काहीच हात नव्हता. किंवा तेवढाच होता.

कंपाउंडमध्ये आता एकही शिष्य उरला नाही. मास्तरांनी पिशवी त्यांच्या खोलीतल्या खिळ्याला टांगली. सकाळी तगरीला पाणी घालायला गेले ते त्या दिवशी जरा उशिरा परतले.

पंधरा दिवसांनी कमिटी बसणार होती. आदल्या दिवशी मोठ्या बाई नगरहून आल्या. यादी माझ्या टेबलावर ठेवली.

"काय रं, ही जोडी कुणी लावली?"

"मी, बाई."

"आन कशावरनं लावली?"

खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी सुचलंच नाही. "पत्रिकेवरून."

बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "किती गुण जमलं हुतं?"

"सत्तावीस."

"लईच की. आन तुझं माझं किती जमत्याल?"

मी गप्प.

"आत्ता कसा गप बसलास?" त्या म्हणाल्या, आणि तसं म्हणताच काहीतरी सुचल्यासारख्या उठल्या. "कागद घाल मशिनीत. मास्तर. शिष्य: टायपिस्ट."

"बाई, मी?"

"तूच. शिष्य असला तर मास्तराची खोली ऱ्हाती. शिष्य गोरा पायजे असं नियमात कुठं लिवलंय? चार वाजता सुटशील, मास्तरामागं हिंडशील. पुढची बोट येस्तवर."

कमिटीत एका सभासदाने रास्त शंका काढली, की हा मुलगा तर मराठीच आहे, हा काय शिकणार? मी तिथेच शॉर्टहँड घेत बसलो होतो, म्हणून बाईंचं उत्तर माझ्याच हातून नोंदलं गेलं. "मराठी येतं त्याला. गप बसाया येत न्हाई. त्यापायी दोन मिशनरी गेलं." कमिटीने पुढच्या बोटीपर्यंत मुदत दिली. बोटीने कुणी आलं तर ठीक, नाहीतर शिवणवर्ग.

अशी पिशवी माझ्या खांद्याला आली. आत छत्री, पाण्याची बाटली, थोडी पुस्तकं आणि पोरांसाठी पेपरमिंट. आठव्या दिवशी आमच्या बोरीवलीच्या एका शेजाऱ्याने मला जोगेश्वरीच्या तबेल्यांपाशी त्या पिशवीसकट पाहिलं, आणि मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. आई दारातच उभी.

"बाटलास की काय रे?"

"नाही गं. गप्प बसायला शिकतोय."

आईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग जा. रविवारीसुद्धा जा."

फाटकाबाहेर पाऊल पडलं की नियम सुरू, परत आत आलं की संपला. दोन तासांचा तर प्रश्न. पण मला जमेना. कुणी रस्ता विचारला की मी सांगायचो. कुणी चुकीची बातमी सांगितली की मी दुरुस्त करायचो. वर्सोव्याला त्याच दोघी बायकांतली एक मास्तरांना म्हणाली, "जुना गोरा बरा व्हता. ह्यो काला जास्त बोलतं." मी खुलासा करायला तोंड उघडलं. "एक," मास्तर म्हणाले.

एकदा मात्र मी चौदाव्या दिवसापर्यंत पोचलो. मरोळच्या खाणीत काम करणारा एकजण वारला होता. आम्ही त्याच्या झोपडीत जाऊन बसलो. त्याची बायको भिंतीला टेकून होती. माझ्या मनात सांत्वनाची वीसेक वाक्यं तयार होती, त्यातली चार तर फारच चांगली होती. मास्तर बोलेनात, मीही बोललो नाही. बाहेर कुणीतरी छिन्नीला धार लावत होतं. अर्ध्या तासाने ती बाई आपणहून बोलू लागली. नवऱ्याला तंबाखू कुठली लागायची, सकाळी जाताना काय म्हणाला, जेवणाचा डबा तसाच परत कसा आला. ती मास्तरांकडे बघून बोलत नव्हती, माझ्याकडे बघून बोलत होती. माझं एकही वाक्य तिथे बसलं नसतं, हे मला स्वच्छ दिसलं.

परत येताना मी भारावलो होतो. फाटक वीस पावलांवर असताना म्हणालो, "मास्तर, आज मला तुमच्या पद्धतीतलं मर्म कळलं."

"एक," मास्तर म्हणाले.

पावसाळा गेला. सप्टेंबरात पत्र आलं होतं की एकजण येणार. ऑक्टोबरात दुसरं आलं की बहुधा येणार. 'बहुधा' हा शब्द मी मोठ्या बाईंना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तो मला पुन्हा वाचायला लावला. शिवणवर्गाच्या बाईंनी एव्हाना मास्तरांच्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन ठेवलं होतं, पडद्यासाठी. मास्तरांनी स्वतः टेप धरली. मनमाडहून मुलाचं कार्डही येऊन पडलं: सामान किती, कळवावे.

बोट लागली त्या दिवशी धक्क्यावर मी आणि मास्तर. माझ्या एका खांद्याला पिशवी, हातात एकच हार. योगायोग असा की तो माझा तिसावा दिवस होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा. संध्याकाळपर्यंत तोंड मिटलेलं राहिलं असतं तर महिना पुरा झाला असता, आणि ते मी घरी आईला, काकांना, सगळ्या शेजाऱ्यांना सांगणार होतो.

माणसं उतरत गेली. व्यापारी, आया, लष्करी साहेब, ट्रंकांचे ढीग. अर्धा तास झाला. हारातली फुलं माझ्या बोटांनी कुस्करली जात होती. हमाल पांगायला लागले, शिडीवर कुणीच उरलं नाही. मास्तर सरळ उभे होते, नेहमीसारखे; फक्त गाल हलत नव्हता. सुपारी चघळायची राहून गेली होती.

आणि वरच्या टोकाला एकजण दिसला. हातात फाटकी बॅग, नाकाचं सालटं निघालेलं. प्रत्येक पायरी नीट बघत, कुणाला काही न विचारता, तो खाली यायला लागला.

"आला!" मी ओरडलो. "मास्तर, आला! आला बघा!"

धक्क्यावरची दहा-वीस माणसं वळून बघायला लागली. मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली होती. ती त्यांनी काढलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी तिची घडी केली, पुन्हा उलगडली, डोक्यावर घातली.

"एक," ते म्हणाले.